व्हिमचं प्लगइन लोकांच्या हाती देताना: हेल्प फाइल, मराठी भाषांतर आणि वाटप

व्हिम हा टेक्स्ट एडिटर वापरणाऱ्या बहुतेकांच्या .व्हिमआरसी या सेटिंगांच्या फाइलीत दोन-चार फंक्शन्स अशी असतात, की ती इतरांच्याही उपयोगी पडावीत. ती बाहेर काढून प्लगइन म्हणून द्यायला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो समजावून सांगायला, आणि नेमका तोच भाग घाईघाईत उरकला जातो. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर कोड चढवला, रीडमी या ओळख करून देणाऱ्या फाइलीत चार ओळी लिहिल्या, झालं काम. मग कुणीतरी ते प्लगइन इन्स्टॉल करतं, व्हिममध्ये ‘:हेल्प’पुढे त्याचं नाव टाकतं आणि ‘ई१४९’ हा एरर येतो. म्हणजे या नावाची मदतच सापडत नाही.

हेल्प फाइल नसलेलं प्लगइन मी तरी अपुरंच मानतो, कोड कितीही नेटका असो. व्हिमचा शिरस्ताच तसा आहे. ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ साली अमिगा संगणकासाठी व्हिम लोकांना खुलं केलं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये निधन होईपर्यंत ते त्याचा कारभार पाहत होते. एडिटर वाढला तशी त्याची हेल्पही वाढत गेली. नेट बंद असो, कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर लॉगिन केलेलं असो, एडिटर न सोडता प्रत्येक ऑप्शनचा अर्थ तिथल्या तिथे वाचता येतो. इतक्या मदतीची सवय लागलेला माणूस तुमचं प्लगइन वापरणार आहे, हे धरूनच लिहायला बसायचं.

लेखभर एकच उदाहरण घेऊ. ‘अंकबदल’ नावाचं एक छोटं प्लगइन आहे अशी कल्पना करा. मजकुरातले इंग्रजी अंक ते देवनागरी करतं. मराठीत लेख, पुस्तकं, पत्रिका टाइप करणाऱ्यांना हे रोज लागतं. एक सूचना आधीच देतो: इथे कमांड, फाइलींची आणि फोल्डरांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांतच टाइप करायची. तारका, उभ्या रेघा, कोलन ही चिन्हं मात्र जशी दिसतात तशीच.

## आधी फोल्डर लावून घ्या

व्हिम ठरावीक नावांचे फोल्डर शोधतो, त्यामुळे रेपॉझिटरीच्या (प्लगइनच्या गिट फोल्डरच्या) मुळाशीच ही मांडणी हवी:

    प्लगइन/अंकबदल.व्हिम
    ऑटोलोड/अंकबदल.व्हिम
    डॉक/अंकबदल.टीएक्सटी
    डॉक/अंकबदल.एमआरएक्स
    रीडमी, लायसन्स, .गिटइग्नोर

‘प्लगइन’ फोल्डरमधली फाइल व्हिम सुरू होताना दर वेळी वाचली जाते. म्हणून तिथे फक्त कमांड आणि मॅपिंगची (कुठली की काय करेल याची) नोंद ठेवायची, आणि फाइल दोनदा लोड होऊ नये म्हणून सुरुवातीला एक पहारा: ‘जी:लोडेड_अंकबदल’ हा व्हेरिएबल आधीच असेल तर ‘फिनिश’. खरं काम करणारं फंक्शन ‘ऑटोलोड’मध्ये जातं. त्याचं नाव ‘अंकबदल#बदल()’ असं ठेवलं की पहिल्यांदा हाक मारली जाईपर्यंत ती फाइल उघडलीही जात नाही आणि व्हिम सुरू होण्याचा वेळ वाढत नाही.

आपल्या कोडमध्ये देवनागरी अंक प्रत्यक्ष लिहावे लागतात, कारण ‘टीआर()’ या फंक्शनला आधी इंग्रजी अंकांची आणि मग ‘०१२३४५६७८९’ ही ओळ द्यायची असते. बहुबाइट अक्षरं या फंक्शनला व्यवस्थित कळतात. पण अशा स्क्रिप्ट फाइलीत सर्वांत वर ‘स्क्रिप्टएन्कोडिंग यूटीएफ-८’ ही ओळ हवीच. ती नसली आणि समोरच्याच्या व्हिमचं एन्कोडिंग वेगळं असलं, तर त्याच्याकडे अंकांऐवजी चिन्हांचा कचरा उमटेल.

इथेच आणखी एक निर्णय करून टाका: प्लगइन कुणासाठी आहे? जुनी व्हिमस्क्रिप्ट, म्हणजे व्हिमची स्वतःची भाषा, व्हिम आणि त्यातून फुटून निघालेला निओव्हिम दोन्हींत चालते. व्हिम ९ मध्ये, म्हणजे २०२२ साली आलेली नवी व्हिम९ स्क्रिप्ट वेगवान आहे, पण ती निओव्हिममध्ये चालत नाही. लुआ या भाषेत लिहिलं तर निओव्हिमचे लोक खूश, व्हिमचे बाहेर. अंकबदलसारख्या छोट्या कामाला जुनी व्हिमस्क्रिप्टच घ्यावी. तिच्यात काही कमी पडत नाही आणि कुणी वगळलंही जात नाही.

## हेल्प फाइल: पहिली ओळ

हेल्प फाइल ही साधी मजकुराची फाइल असते, पण तिला काही पक्के नियम आहेत. व्हिममध्येच ‘:हेल्प हेल्प-रायटिंग’ दिलं की ते वाचायला मिळतात. सुरुवात पहिल्या ओळीपासून:

    *अंकबदल.टीएक्सटी*    इंग्रजी अंक देवनागरीत बदला

दोन तारकांमध्ये फाइलीचं नाव, मग एक टॅब, मग प्लगइन काय करतं ते थोडक्यात. ही ओळ दोन ठिकाणी कामी येते. ‘:हेल्प अंकबदल.टीएक्सटी’ याच टॅगवर, म्हणजे तारकांमधल्या नावावर, येऊन थांबतं. शिवाय व्हिमच्या मुख्य हेल्प पानावर ‘लोकल अॅडिशन्स’ नावाचा भाग असतो, तिथे तुमची ही ओळ आपोआप जाऊन बसते. त्यामुळे इथे ‘एक उपयुक्त प्लगइन’ असलं काही लिहू नका. पन्नास प्लगइनांच्या यादीत आपली ओळ वाचून माणसाला काम कळलं पाहिजे.

खाली अनुक्रमणिका द्या, मग परिचय, गरजा, कमांड, मॅपिंग, ऑप्शन्स आणि शेवटी आवृत्त्यांचा इतिहास. विभागांच्या मध्ये बरोबरच्या चिन्हांची आडवी ओळ घालायची रीत आहे. ओळीची लांबी ७८ अक्षरांच्या आत ठेवा.

## टॅग आणि दुवे

व्हिमच्या हेल्पची खरी ताकद टॅगांत आहे. दोन तारकांमधला शब्द म्हणजे पोहोचण्याचं ठिकाण, दोन उभ्या रेघांमधला शब्द म्हणजे तिथे नेणारा दुवा. दुव्यावर कर्सर ठेवून कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस दाबला की उडी, कंट्रोल-टी दाबलं की परत. व्हिमच्या मूळ ऑप्शनांची नावं एकेरी अवतरणांत लिहिली की तेही दुवे बनतात.

टॅगांची नावं ठरवताना वापरणारा काय टाइप करेल ते डोळ्यांसमोर आणा. कमांडच्या टॅगला कोलन लावायचा: *:अंकबदल*. फंक्शनच्या टॅगला शेवटी कंस. व्हेरिएबलचा टॅग पूर्ण नावानिशी: *जी:अंकबदल_दुवे*. मॅपिंगचा टॅग *<प्लग>(अंकबदल)* असा. व्हिमची मूळ हेल्पही हीच पद्धत वापरते, त्यामुळे सरावलेल्या माणसाचा अंदाज पहिल्याच झटक्यात बरोबर येतो.

*परिचय* किंवा *इन्स्टॉल* असे मोघम टॅग मात्र अजिबात देऊ नका. हेल्पचे टॅग सगळ्या प्लगइनांमध्ये सामायिक असतात. दोन प्लगइनांनी एकच टॅग वापरला तर ‘:हेल्प’ कुणाच्या तरी एकाच्या फाइलीत जाऊन बसतं आणि दुसऱ्याचं पान हुडकावं लागतं. म्हणून प्रत्येक टॅगच्या आधी प्लगइनचं नाव लावा: *अंकबदल-परिचय*, *अंकबदल-इन्स्टॉल*. एकाच ‘डॉक’ फोल्डरमध्ये टॅग दोनदा आला तर व्हिम ‘ई१५४’ देऊन तिथेच अडवतो, पण दोन वेगळ्या प्लगइनांतली टक्कर तो निमूट चालू देतो. ती आपणच टाळायची.

नमुना कोड दाखवायचा असेल तेव्हा आधीच्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ‘>’ द्या, खाली कोड आत सरकवून लिहा, आणि संपल्यावर नव्या ओळीच्या अगदी पहिल्या रकान्यात ‘<’. ही दोन्ही चिन्हं वाचणाऱ्याला दिसत नाहीत, फक्त रंग बदलतो. ओळीच्या शेवटी ‘~’ दिलं तर ती ओळ उपशीर्षकासारखी दिसते. महिरपी कंसात जे लिहाल ते ‘इथे तुमची किंमत घाला’ म्हणून वेगळं उठतं, आणि चौकोनी कंसात ऐच्छिक भाग.

फाइलीची शेवटची ओळ मोडलाइनसाठी, म्हणजे फाइल उघडताना व्हिम वाचतो त्या सेटिंगांसाठी, राखून ठेवा. तिथे मजकुराची रुंदी ७८, टॅबची रुंदी ८ आणि फाइलटाइप ‘हेल्प’ लिहिलं, की पुढच्या वेळी कुणीही दुरुस्तीला फाइल उघडली तरी मांडणी तशीच राहते.

## एक नोंद जवळून

व्याकरण शिकायला अर्धा तास पुरतो. कस लागतो तो नोंदीच्या मजकुरात. बऱ्याच प्लगइनांच्या हेल्पमध्ये अशी नोंद दिसते:

    :अंकबदल        अंक बदलते.

हे कमांडच्या नावावरूनच कळलं होतं. माणूस हेल्प उघडतो तो नावात नसलेलं जाणून घ्यायला: किती ओळींवर परिणाम होईल? नको तिथले अंक बदलतील का? चुकलं तर मागे कसं यायचं? तीच नोंद अशी हवी:

                                                  *:अंकबदल*
    :[रेंज]अंकबदल
        [रेंज]मधल्या ओळींतले इंग्रजी अंक देवनागरी करते.
        रेंज दिली नाही तर फक्त कर्सर असलेली ओळ बदलते.
        ज्या ओळीत वेबचा दुवा आहे ती तशीच सोडली जाते;
        हे बदलायचं असेल तर पाहा |जी:अंकबदल_दुवे|.
        एकदा यू दाबलं की कमांडने केलेले सगळे बदल
        मागे फिरतात. पूर्ण फाइलीसाठी: >
            :%अंकबदल
    <

रेंज (कुठपासून कुठपर्यंतच्या ओळी) नसताना काय होतं, काय वगळलं जातं आणि का, मागे कसं फिरायचं, आणि एक चालतं उदाहरण. एवढं दिलं की कमांडबद्दलच्या बहुतेक शंका विचारण्याआधीच मिटतात. दुव्यांची ओळ नीट पाहा. वेब पत्त्यातले अंक देवनागरी झाले तर पत्ता तुटतो. लेखकाला हे माहीत असतं म्हणून त्याने तसा कोड लिहिलेला असतो, पण हेल्पमध्ये सांगितलं नाही तर वापरणाऱ्याला वाटतं प्लगइन काही ओळी विसरतंय.

आपण बनवलेल्या कमांडचं पहिलं रोमन अक्षर कॅपिटलच असावं लागतं, व्हिमचा तसा नियम आहे. तेव्हा हेल्पमध्येही नाव अगदी तसंच लिहा.

ऑप्शनची नोंद लिहिताना चार गोष्टी सुटू देऊ नका: किंमतीचा प्रकार, काहीच सेट केलं नाही तर धरली जाणारी किंमत, प्रत्येक किंमतीचा परिणाम, आणि किंमत नेमकी कधी वाचली जाते. ही चौथी गोष्ट जवळपास कुणीच लिहीत नाही. काही ऑप्शन्स प्लगइन लोड होताना एकदाच वाचले जातात, त्यामुळे चालू व्हिममध्ये ‘:लेट’ने बदलून काही फरक पडत नाही. काही मात्र कमांड देताना दर वेळी तपासले जातात. वापरणाऱ्याला हे ठाऊक नसलं की तो किंमत बदलतो, फरक दिसत नाही, पुन्हा बदलतो, आणि शेवटी प्लगइनच बिघडलंय असं ठरवतो.

                                          *जी:अंकबदल_दुवे*
    प्रकार: संख्या. मूळ किंमत: ०
        १ ठेवली तर दुवे असलेल्या ओळींतले अंकही बदलतात.
        :अंकबदल दिल्यावर दर वेळी वाचली जाते, त्यामुळे
        चालू सत्रातही बदलता येते.

मॅपिंगच्या बाबतीत दुसऱ्याच्या कीबोर्डवर हक्क सांगू नका. ‘<प्लग>(अंकबदल)’ एवढं उपलब्ध करून द्या आणि ते आपल्या आवडीच्या की-वर कसं बसवायचं याची एक ओळ हेल्पमध्ये द्या. स्वतःहून एखादी की द्यायचीच असेल तर आधी ‘हॅजमॅपटू()’ने तपासा, आणि ती बंद कशी करायची तेही लिहा.

## मराठीतून हेल्प

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. व्हिममध्ये भाषांतरित हेल्पची सोय आधीच तयार आहे, जपानी, चिनी, फ्रेंच, इटालियन मंडळी ती वापरतात, आणि मराठीसाठी ती वापरायला कुणाची परवानगी लागत नाही.

पद्धत अशी. इंग्रजी हेल्प ‘.टीएक्सटी’ फाइलीत राहते. त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची दुसरी फाइल करायची, जिचं एक्स्टेन्शन म्हणजे भाषेचा दोन अक्षरी कोड आणि पुढे एक्स. मराठीचा कोड एम-आर, म्हणून ‘.एमआरएक्स’. टॅगांची फाइल बनवताना व्हिम मराठीसाठी ‘टॅग्ज-एमआर’ अशी वेगळी फाइल करतो. वापरणाऱ्याने ‘:सेट हेल्पलँग=एमआर’ केलं की मराठी पान उघडतं, आणि ज्या विषयाचं मराठी पान नाही तिथे आपोआप इंग्रजी. ऑप्शन न बदलताही ‘:हेल्प अंकबदल@एमआर’ असं थेट मागता येतं.

काही बारकावे मात्र सांभाळावे लागतात. टॅगांचं भाषांतर करायचं नाही. दोन्ही फाइलींत टॅग रोमन अक्षरांत आणि अगदी एकसारखेच हवेत. मराठी फाइलीच्या पहिल्या ओळीतही फाइलीचं नाव ‘.टीएक्सटी’ असंच ठेवायचं. एखाद्याने इंग्रजीत शोधलं काय आणि मराठीत काय, टॅग एकच असेल तरच दोन्ही पानं एकमेकांच्या जागी उघडतात.

दुसरा बारकावा पहिल्या ओळीचाच. हेल्प फाइल यूटीएफ-८ आहे की नाही, हे व्हिम पहिल्या ओळीत इंग्रजीबाहेरची अक्षरं आहेत का यावरून ठरवतो. म्हणून मराठी फाइलीच्या पहिल्या ओळीतलं वर्णन मराठीतच हवं. ते इंग्रजीत ठेवून बाकी सगळी फाइल मराठीत लिहिली तर व्हिमचा अंदाज चुकतो. प्लगइन मोठं असेल आणि मराठीच्या दोन फाइली असतील, तर एकीची पहिली ओळ मराठी आणि दुसरीची इंग्रजी असं झाल्यावर ‘ई६७०’ येतो, म्हणजे एकाच भाषेच्या फाइलींमध्ये एन्कोडिंगची सरमिसळ झाली आहे. त्या एररमधल्या शब्दांवरून कारण लवकर ध्यानात येत नाही, म्हणून इथे सांगून ठेवतो.

आणि तिसरा, दिसण्याचा. बऱ्याच टर्मिनलांत देवनागरीची जोडाक्षरं आणि वेलांट्या रकान्यांत नीट बसत नाहीत. इंग्रजी हेल्पमध्ये डावीकडे कमांड आणि उजवीकडे अर्थ असा तक्ता सरळ दिसतो, तोच मराठीत वेडावाकडा होतो. मराठी फाइलीत तक्ते करूच नका. कमांड एका ओळीवर, अर्थ खालच्या ओळींवर आत सरकवून.

भाषा बोलकी ठेवा. ‘संचिका’, ‘आज्ञावली’ शोधत बसण्यापेक्षा ‘फाइल’ आणि ‘स्क्रिप्ट’ लिहिलं तर वाचणारा अडखळत नाही, आणि पडद्यावर दिसणाऱ्या शब्दांशी मेळही बसतो.

## रीडमी वेगळी, हेल्प वेगळी

रीडमी वाचतो तो अजून ठरवणारा माणूस, हेल्प वाचतो तो इन्स्टॉल करून बसलेला. म्हणून रीडमीत प्लगइन काय करतं याचं एक वाक्य, आधीचा आणि नंतरचा मजकूर दाखवणारं एक चित्र, व्हिमची किमान आवृत्ती, इन्स्टॉल करायची पद्धत आणि हेल्प कुठे आहे याचा उल्लेख एवढंच पुरे. सगळे ऑप्शन्स दोन्हीकडे लिहिले तर सहा महिन्यांत दोन्हींत वेगवेगळं लिहिलेलं असतं. रीडमीवरूनच हेल्प फाइल बनवणारी ‘पॅनव्हिमडॉक’सारखी साधनं आहेत आणि निओव्हिमवाल्यांमध्ये ती चालतात. छोट्या प्लगइनसाठी हातानेच लिहा, टॅग जास्त नेमके पडतात.

## कोऱ्या घरात चालवून पाहा

आपल्या यंत्रावर प्लगइन चालतं याला अनेक कारणं असू शकतात: आपली .व्हिमआरसी, दुसरं एखादं प्लगइन, कधीकाळी केलेलं एखादं सेटिंग. ते सगळं बाजूला ठेवायचा सोपा उपाय म्हणजे एक रिकामा फोल्डर करायचा, त्यात ‘.व्हिम/पॅक/चाचणी/स्टार्ट’ असे एकात एक फोल्डर करायचे, त्यात आपलं रेपो गिटने क्लोन करायचं (म्हणजे पूर्ण प्रत उतरवून घ्यायची), आणि ‘होम’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये त्या रिकाम्या फोल्डरचा पत्ता देऊन व्हिम सुरू करायचा. नव्या माणसाला जे दिसेल तेच आता तुम्हाला दिसतंय. स्वतःच्या कामाच्या फोल्डरमधून नुसती नक्कल न करता क्लोनच करा, कारण कमिट करायची राहिलेली फाइल अशीच सापडते.

आता रीडमीतल्या सूचना एकेक करून पाळा. ‘:हेल्पटॅग्ज ऑल’ द्या आणि एकही एरर येत नाही हे पाहा. ‘:हेल्प अंकब’ लिहून कंट्रोल-डी दाबा, तुमच्या सगळ्या टॅगांची यादी समोर येईल. उभ्या रेघांमधल्या प्रत्येक दुव्यावर जाऊन उडी मारा. कंटाळवाणं काम आहे, पण नाव बदललेल्या ऑप्शनकडे जाणारा तुटका दुवा दुसऱ्या कुठल्या मार्गाने लवकर हाती लागत नाही. शेवटी हेल्पमधला प्रत्येक नमुना कोड जसाच्या तसा उचलून चालवा.

## परवाना आणि आवृत्ती

परवाना न देता कोड सार्वजनिक ठेवला तर कायद्याने सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात. लोकांना तो वाचता येतो, पण बदलून वाटता येत नाही, आणि लिनक्स वितरणंही तो पॅकेज करू शकत नाहीत. एमआयटी परवाना चालेल. बरीच प्लगइनं ‘व्हिमच्याच अटींवर’ दिली जातात, त्या अटी ‘:हेल्प लायसन्स’मध्ये आहेत. व्हिम चॅरिटीवेअर आहे, म्हणजे फुकट वापरा आणि जमल्यास दान करा. युगांडातल्या गरजू मुलांना मदत करा हे आवाहन अनेक वर्षं तो उघडताच पडद्यावर दिसत आलं आहे.

आवृत्तीसाठी तीन आकड्यांची पद्धत घ्या, उदाहरणार्थ १.२.०. वापरणाऱ्याला काही बदलावं लागणार असेल तर पहिला आकडा वाढवा, नवी सोय आली तर दुसरा, नुसती दुरुस्ती असेल तर तिसरा. प्रत्येक आवृत्तीला गिटमध्ये टॅग द्या, कारण व्हिम-प्लग आणि लेझी.एनव्हिम या दोन्ही प्लगइन मॅनेजरांत ठरावीक टॅगवर थांबून राहता येतं. बदलांची नोंद हेल्पच्या शेवटच्या भागात ठेवा आणि ती वापरणाऱ्याच्या बाजूने लिहा. ‘रेंज हाताळणीचं रिफॅक्टरिंग’ यातून कुणाला काय कळणार? ‘रेंज न देता कमांड दिली तर आता पूर्ण फाइलीऐवजी चालू ओळच बदलते’ हे वाचून माणूस सावध होतो.

## वाटप

रेपॉझिटरीचं नाव ‘व्हिम-अंकबदल’ किंवा ‘अंकबदल.व्हिम’ अशा पद्धतीचं ठेवा आणि आधी तेच नाव कुणी घेतलंय का पाहा. नावं सारखी असली तर ‘ऑटोलोड’मधली फंक्शन्स एकमेकांवर चढतात.

.गिटइग्नोरमध्ये ‘डॉक/टॅग्ज*’ ही ओळ टाका. तारका हवी, कारण मराठीची ‘टॅग्ज-एमआर’ही त्यात आली पाहिजे. टॅगांची फाइल वापरणाऱ्याच्या यंत्रावर तयार होते. ती रेपोत असली तर त्याच्याकडे ती पुन्हा बनताच गिटला फाइल बदललेली दिसते, आणि पुढचं अपडेट ओढताना अडथळा येतो. प्लगइनं गिटच्या सबमोड्यूल (रेपोच्या आत रेपो) म्हणून ठेवणाऱ्यांना तर हा त्रास रोजचा होतो.

इन्स्टॉल करायच्या सूचनांत किमान दोन मार्ग द्या. पहिला कुठल्याही मॅनेजरशिवाय: सप्टेंबर २०१६ मध्ये आलेल्या व्हिम ८ पासून ‘.व्हिम/पॅक/कुठलंही-नाव/स्टार्ट’मध्ये क्लोन केलं की प्लगइन आपोआप लोड होतं, आणि ‘स्टार्ट’ऐवजी ‘ऑप्ट’मध्ये ठेवलं तर ‘:पॅकअॅड’ दिल्यावर. विंडोजवर ‘.व्हिम’च्या जागी ‘व्हिमफाइल्स’. निओव्हिमसाठी ‘.लोकल/शेअर/एनव्हिम/साइट/पॅक’. या मार्गाने हेल्पचे टॅग आपोआप बनत नाहीत, म्हणून क्लोनच्या ओळीखालीच ‘:हेल्पटॅग्ज ऑल’ एकदा द्या असं स्पष्ट लिहा. ही ओळ राहिली तर तुम्ही मेहनतीने लिहिलेली हेल्प त्या यंत्रावर आहे, पण सापडत नाही. दुसरा मार्ग मॅनेजरचा: व्हिम-प्लगसाठी एक ओळ, लेझी.एनव्हिमसाठी एक. हे दोघेही टॅग स्वतः बनवतात.

गिटहबवर ‘व्हिम-प्लगइन’ हा टॉपिक लावा, शोधणाऱ्याला तिथूनच सापडतं. व्हिमच्या अधिकृत संकेतस्थळावर स्क्रिप्ट्सचा जुना विभागही आहे. तिथे खातं उघडून झिप चढवता येतं. ‘गिट आर्काइव्ह’ने झिप करा म्हणजे नको त्या फाइली आत जाणार नाहीत. चाचण्यांचा फोल्डर वगळायचा असेल तर .गिटअॅट्रिब्यूट्समध्ये त्याच्यापुढे ‘एक्स्पोर्ट-इग्नोर’ लिहा.

## लोक वापरू लागल्यावर

तक्रार नोंदवायच्या नमुन्यात तीन गोष्टी मागा: ‘:व्हर्जन’च्या पहिल्या दोन ओळी, अडचण दाखवणारी दोन-चार ओळींची .व्हिमआरसी, आणि आधीचा-नंतरचा मजकूर. देवनागरीच्या बाबतीत मजकूर कॉपी करूनच मागा. चित्रात अक्षर सारखंच दिसतं, पण आतले कोड वेगळे असू शकतात. देवनागरी अंकांची जागा युनिकोडमध्ये ०९६६ ते ०९६एफ अशी आहे. अंक कर्सरखाली ठेवून ‘जीए’ दाबलं की व्हिम कोड दाखवतो, हेही तक्रार करणाऱ्याला सांगून ठेवा.

एकच प्रश्न दोघांनी विचारला तर उत्तर फक्त तिथे देऊन थांबू नका, हेल्पमध्ये घाला, आणि त्या टॅगचं नाव उत्तरात द्या. ऑप्शनचं नाव बदलायचं झालं तर जुनं नाव निदान एका मोठ्या आवृत्तीपर्यंत चालू ठेवा, वापरलं गेल्यास एकदाच पिवळ्या अक्षरांत सूचना दाखवा, आणि जुन्या नावाचा टॅगही हेल्पमध्ये राहू द्या, जिथून नव्या नावाकडे दुवा जाईल. इंग्रजी फाइल बदलली की त्याच कमिटमध्ये मराठी फाइलही बदला. नंतर करू म्हटलं की ती मागे पडते, आणि जुनी मराठी हेल्प इंग्रजीपेक्षा जास्त घोळ घालते.

देखभाल थांबवायची वेळ आली तर रीडमीच्या पहिल्या ओळीत तसं सांगा, हेल्पच्या परिचयातही. दुसऱ्या कुणी ते पुढे चालवत असेल तर त्याचा पत्ता द्या आणि मग रेपो अर्काइव्ह करा. कोड वाचायला, क्लोन करायला तो तसाच खुला राहतो.